जीर्णोद्धाराचे मोल

चित्रपट ही पाहून यायची आणि मग आठवत राहायची गोष्ट आहे, विकत घेऊन कपाटात ठेवायची नव्हे, अशीच आपली समजूत फार दिवस होती. पुस्तक घरात असे, गाण्याची तबकडी घरात असे. चित्रपट मात्र गावात यायचा, चार आठवडे राहायचा आणि पाहुण्यासारखा निघून जायचा. पुढे व्हिडिओ कॅसेट आली, तिच्यामागून व्हीसीडी, डीव्हीडी आणि ब्ल्यू-रे अशा तबकड्या आल्या आणि चित्रपटालाही घरात जागा मिळाली. आता त्या तबकड्यांचेही दिवस सरत आले आहेत. हव्या त्या वेळी हवा तो चित्रपट फोनवर उतरतो, मग पैसे टाकून तबकडी कोण घेतो, असे माझे विद्यार्थी मला विचारतात. तरीही साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या एखाद्या कृष्णधवल चित्रपटासाठी हजारो रुपये मोजणारी माणसे जगात आहेत. ही माणसे नेमके कशाचे मोल देतात?

माझ्या मते यांत दोन जाती आहेत, आणि त्या एकमेकींत मिसळू देता कामा नयेत. एक जात दुर्मिळपणाचे मोल देते. अमुक तबकडी आता निघत नाही, तिच्या मोजक्याच प्रती उरल्या, म्हणून तिचा भाव चढतो. असा गिऱ्हाईक पुष्कळदा वेष्टनसुद्धा फोडत नाही, कारण फोडले की भाव उतरतो. त्याच्या कपाटातला चित्रपट आणि बंद तिजोरीतली सोन्याची लगड यांत मला काही फरक दिसत नाही. दुसरी जात मेहनतीचे मोल देते. एखाद्या चित्रपटाची जगात विखुरलेली रिळे कोणी शोधली, फाटलेली जोडली, डागाळलेली धुतली, आवाजातली खरखर काढली आणि सोबत चार जाणत्या माणसांचे लेख बांधून दिले, तर त्या कामाचा मोबदला देणारी ही माणसे. मराठी वाचकाला हे नवे वाटू नये. पोथ्यांच्या पाठभेदांतून शुद्ध प्रत सिद्ध करणे म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ती प्रत फुटपाथवरच्या स्वस्त पोथीच्या भावात मिळावी असे वाटणार नाही.

या दुसऱ्या प्रकारच्या मोलाचे मी पाहिलेले सर्वांत चांगले उदाहरण सत्यजित राय यांच्या अपू-त्रयीचे आहे. 'पथेर पांचाली' 1955 चा, 'अपराजितो' 1956 चा आणि 'अपूर संसार' 1959 चा. राय 1992 साली वारले. त्याच वर्षी, मृत्यूच्या थोडेच दिवस आधी, त्यांना सन्मान्य ऑस्कर मिळाले होते. त्यानंतर त्यांच्या चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह जतनासाठी लंडनच्या एका प्रयोगशाळेत पाठवल्या गेल्या आणि जुलै 1993 मध्ये त्या प्रयोगशाळेलाच आग लागली. जळून आक्रसलेली, एकमेकांना चिकटलेली ती रिळे इतर कोणी टाकून दिली असती. लॉस एंजलिसमधील ऑस्कर अकादमीच्या संग्रहालयाने ती ठेवून घेतली. त्यांचे पुढे काय होणार, हे त्या वेळी कोणालाच सांगता आले नसते. वीस वर्षांनी अमेरिकेतील क्रायटेरियन या प्रकाशन संस्थेने ते डबे पुन्हा उघडले. इटलीतील बोलोन्या येथील कारागिरांनी ती ठिसूळ फिल्म ओलावा देऊन मऊ केली, हाताने सोडवली, हाताने सांधली. नुसत्या या हातकामाला हजारेक तास लागले. 'पथेर पांचाली'चा सुमारे चाळीस टक्के आणि 'अपराजितो'चा साठ टक्क्यांहून अधिक भाग मूळ निगेटिव्हमधून हाती आला. 'अपूर संसार'चे मात्र उपयोगी पडेल असे काही उरले नव्हते. उरलेले भाग निरनिराळ्या देशांच्या संग्रहालयांतील चांगल्या प्रतींवरून घेतले. 2015 मध्ये ही त्रयी पुन्हा पडद्यावर आली आणि त्याच वर्षी तीन तबकड्यांची पेटी निघाली. तिची छापील किंमत शंभर डॉलरच्या घरात होती.

ही पेटी मी एका स्नेह्याच्या घरी पाहिली. तिथे आधी एक गंमत झाली. तबकड्यांनाही मुलूख वाटून दिलेले असतात. अमेरिकेसाठी काढलेली तबकडी हिंदुस्थानात विकत घेतलेल्या यंत्रावर चालत नाही. निश्चिंदीपूरच्या हरिहर भटजीचे पोर बंगालातले, आणि त्याला भेटायला यंत्र हवे अमेरिकेचे! स्नेह्याने तसे यंत्रही बाळगले होते म्हणून निभावले.

दूरदर्शनवर वर्षांपूर्वी पाहिलेला 'पथेर पांचाली' माझ्या मनात धुरकट होता. काशाच्या फुलांच्या रानातून अपू आणि दुर्गा आगगाडी पाहायला धावतात, तो प्रसंग म्हणजे पांढऱ्या धुक्यात दोन काळे ठिपके, एवढेच माझ्या ध्यानात राहिले होते. नव्या प्रतीत काशाचा एकेक तुरा निराळा हलतो. तारेच्या खांबाला कान लावून मुले जी गुणगुण ऐकतात, ती आपल्यालाही ऐकू येते, आणि आगगाडी येण्याआधीच तिची चाहूल अंगावर येते. वृद्ध इंदिर ठाकरूणच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या मोजता येतात, म्हणून तिच्या हसण्यातला लबाड बालिशपणा कळतो. पूर्वी मी या चित्रपटाला दारिद्र्याचा चित्रपट म्हणत असे. चांगली प्रत पाहिल्यावर कळते की त्यात दारिद्र्यापेक्षा कुतूहल अधिक आहे, आणि ते कुतूहल बारीक तपशिलांत भरलेले आहे. तपशील पुसले की मागे दारिद्र्य तेवढे उरते. वाईट प्रत चित्रपट नुसता अंधूक करीत नाही, त्याचा अर्थ बदलते.

आपल्याकडे याच्या नेमके उलट घडले. 2007 मध्ये मोझर बेअर या कंपनीने चित्रपटाची व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना बाजारात आणली. त्या स्वस्ताईला मी नावे ठेवणार नाही. तिने कित्येक घरांत जुने बोलपट प्रथमच नेले. पण स्वस्त तबकडीत चित्र किती मावते, तेही पाहावे. व्हीसीडीच्या चित्रात आडवे 352 आणि उभे 288 ठिपके असतात, म्हणजे सगळे मिळून लाखभर. ब्ल्यू-रेच्या चित्रात वीस लाखांहून अधिक. पैठणीचा पदर गोणपाटावर विणायला सांगावा, तसे हे आहे. शिवाय व्हीसीडीवर अख्खा चित्रपट बसत नाही, म्हणून तो दोन किंवा तीन तुकड्यांत तोडलेला. कुठे तोडावा याचा विचार कोणी केलेला नसे. नायिका तोंड उघडते आणि तबकडी संपते!

आता आपल्या घरच्या ठेव्याकडे येतो. 1929 साली कोल्हापुरात निघालेली प्रभात फिल्म कंपनी 1933 मध्ये पुण्यास आली. तिथून 'अमृतमंथन', 'संत तुकाराम', 'कुंकू', 'माणूस', 'शेजारी' असे चित्रपट निघाले. पुढे कंपनी बंद पडली आणि 1960 मध्ये त्याच जागेवर सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट आली. 1964 मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी आयुष्य घालवून जमेल ते गोळा केले. फाळक्यांच्या 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे, एवढेच हाती लागले. 1931 चा 'आलम आरा' तर समूळ नाहीसा झाला आहे. जुनी फिल्म नायट्रेटची असे. ती पेटली म्हणजे पाण्याखालीही जळत राहते. आणि तिच्यात चांदी असे, म्हणून चांदी काढण्यासाठी रिळे धुऊन विकण्याचा धंदाही आपल्याकडे चालला. ज्यांनी जाळली नाहीत त्यांनी वितळवली. मग जानेवारी 2003 मध्ये संग्रहालयाच्या नायट्रेटच्या कोठारांना आग लागली आणि प्रभातच्या मूळ निगेटिव्ह त्यात गेल्या. चित्रपट वाचले ते आधी करून ठेवलेल्या प्रतींमुळे. म्हणजे आज 'संत तुकाराम' आपण पाहतो तो प्रतीच्या प्रतीवरून.

'संत तुकाराम' 1936 चा. मुंबईत एकाच चित्रगृहात तो सत्तावन्न आठवडे चालला आणि 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. हे सर्वांना पाठ आहे. पण गौरवाचे हे दाखले देण्यापलीकडे त्या चित्रपटाकडे आपण नीट पाहिले आहे काय, याची मला शंका आहे. त्याचे दिग्दर्शक दोन: विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. दोघेही कोल्हापूरला बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले. प्रभातमध्ये दामल्यांकडे ध्वनीचे खाते होते, फत्तेलालांकडे कलादिग्दर्शनाचे. एकाचा कान आणि दुसऱ्याचा डोळा, असा हा चित्रपट झालेला आहे. देहूची घरे, देवळाचा दगड, भिंतीचे सारवण, घोंगडीचा खरबरीतपणा हे फत्तेलालांचे. पागनिसांच्या गळ्यातून अभंग गाण्यासारखा न येता बोलण्यासारखा येतो, हे दामल्यांच्या कानाचे. आता सांगा, धुरकट चित्र आणि खरखरता आवाज असलेल्या प्रतीत नेमके काय मरते? ज्या दोन गोष्टींसाठी तो चित्रपट मोठा आहे, त्याच दोन मरतात. उरते ती कथा आणि चमत्कार. म्हणून नव्या पिढीला तो भाबडा वाटतो, यात नवल नाही.

तो भाबडा नाही. त्यातल्या चमत्कारांना प्रत्येक वेळी जिजाई जमिनीवर आणते. ही भूमिका गौरी या नटीने केली आहे, आणि मला विचाराल तर मराठी पडद्यावर इतकी खरी बाई पुन्हा क्वचितच आली. नवरा विठ्ठलाच्या पायी, घरात पोर आजारी. तेव्हा एका हातात पोराचा हात आणि दुसऱ्या हातात चप्पल घेऊन ती देवळात देवाला जाब विचारायला निघते. शिवरायांचा नजराणा येतो तेव्हा दागिन्यांनी ती आणि मुले हरखून जातात, आणि तुकारामबुवा ते परत पाठवायला लावतात. लेखक शिवराम वाशीकर आणि दिग्दर्शक या प्रसंगी कोणाच्याही बाजूने झुकत नाहीत. तुकारामांचे वैराग्य खरे आणि जिजाईची भूकही खरी. ज्या चित्रपटाचा नायक शेवटी वैकुंठाला जातो, त्यात मागे राहणाऱ्या बायकोला एवढी जागा देणे, हे धाडस आहे.

अभंग शिकवताना एकदा मी हा चित्रपट वर्गात दाखवला. प्रत अशी की जुने जवळजवळ चौकोनी चित्र नव्या रुंद पडद्यावर ताणून बसवलेले. त्यामुळे कृश पागनिस पैलवानासारखे दिसू लागले. मुले हसली, आणि मुलांचा त्यात काही दोष नव्हता. जिजाई चप्पल घेऊन निघाली तेव्हा मात्र वर्ग शांत झाला. एवढ्या मारातूनही गौरी तग धरते!

'कुंकू'चे दुखणे आणखी नाजूक आहे. ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून शांतारामबापूंनी 1937 मध्ये तो काढला. फसवून म्हाताऱ्याशी लग्न लावलेली नीरा त्याला नवरा मानायला नकार देते, ही कथा. शांता आपट्यांची नीरा आणि केशवराव दात्यांचे काकासाहेब, दोन्ही कामे नमुनेदार. पण या चित्रपटात एक विलक्षण गोष्ट आहे: पार्श्वसंगीत नाही. घरात जे वाजते तेवढेच ऐकू येते: घड्याळाची टिकटिक, भांड्याचा आवाज, दाराची कडी. म्हाताऱ्या नवऱ्याचे आयुष्य आणि त्याचे घड्याळ यांची सांगड शांतारामबापूंनी आवाजातून घातली आहे. आता प्रतीतच सतत खरखर असेल, तर शांतता कुठून येणार? आणि शांतता नसेल तर त्या टिकटिकीला अर्थ काय? 'संत तुकाराम' वाईट प्रतीत निम्मा तरी उरतो. 'कुंकू'तली नीरा वाईट प्रतीत केवळ हट्टी मुलगी वाटते. तिच्या भोवतीचे गुदमरलेले घर ऐकूच येत नाही. मला कोणी एकाच चित्रपटाची डागडुजी निवडायला सांगितली, तर भक्तिभावाने मी 'तुकाराम' म्हणेन आणि समीक्षक म्हणून 'कुंकू'.

मात्र जीर्णोद्धार म्हटले की मला थोडी धास्तीही वाटते. गावोगावच्या जुन्या देवळांच्या काळ्या दगडावर उत्साही मंडळींनी निळा-पिवळा ऑइलपेंट फासलेला आपण पाहतो. चित्रपटांचेही तसे होते. 2004 मध्ये 'मुघल-ए-आझम' आणि 2007 मध्ये 'नया दौर' रंगवून दाखवले गेले. लोकांनी गर्दी केली. मला ते शेंदूर थापल्यासारखे वाटले. प्रकाशछाया योजून ज्यांनी चित्र घेतले, त्यांच्या छायेवर रंगाचे बोट फिरवण्याचा अधिकार कोणी दिला? दुसरे टोक असे की संगणकाने चित्र इतके घासूनपुसून काढायचे की फिल्मचा नैसर्गिक कण जातो आणि माणसे मेणाची दिसू लागतात. पागनिसांच्या चेहऱ्यावरचे वय पुसून कोणाचे भले होणार आहे?

काम करणारे हात आपल्याकडे नाहीत असे मात्र कोणी म्हणू नये. 1953 चा अत्र्यांचा 'श्यामची आई', ज्याला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले, तो जीर्णोद्धार होऊन 2023 मध्ये गोव्याच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात दाखवला गेला. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने दुरुस्त केलेला श्याम बेनेगलांचा 'मंथन' 2024 मध्ये कान येथे दाखवला गेला. पण महोत्सवात पास घेऊन जाणारा प्रेक्षक वेगळा आणि दिवाळीत फराळाचे ताट मांडीवर घेऊन आई-वडिलांबरोबर जुना चित्रपट लावणारे घर वेगळे. डागडुजी झालेला चित्रपट त्या घरापर्यंत पोचायचा तर कोणीतरी तो जपून, टिपा लावून, नीट बांधून हाती द्यायला हवा; आणि घेणाऱ्याने त्याचे मोल द्यायला हवे.

ते मोल कोण देणार, हा प्रश्न मला अडवतो तेवढा घाबरवीत नाही. त्याच 'मंथन'साठी 1976 मध्ये गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले होते. शंभर वर्षांपूर्वी केतकरांनी वर्गणीदारांच्या बळावर मराठी ज्ञानकोशाचे खंड काढले, आणि पुढे किती प्रकाशकांनी प्रकाशनपूर्व नोंदणीवर मोठमोठे ग्रंथ छापले. खंड हाती येण्याआधी पैसे भरणारा तो वर्गणीदार म्हणजेच जास्त मोल देणारा गिऱ्हाईक. पैठणीला, हापूसच्या पेटीला, घराण्याच्या गायकाच्या मैफलीला आपण खुशीने जास्त मोजतो. चित्रपट तेवढा फुकट हवा असतो. 'यूट्यूबवर आहे की' हे उत्तर मला रोज मिळते. आहे, आणि तो तिथे आहे म्हणून मला आनंदच आहे. पण रस्त्यावरच्या फोटोत ताजमहालही आहे.

प्रभातची पाच चित्रपटांची पेटी निघाली, तर मी तिला पाच हजार रुपये देईन. शाळामास्तराच्या पगारात ते थोडे नाहीत. पण माझ्या अटी आहेत. चित्र मूळच्याच आकारात हवे, ताणलेले नको. 'कुंकू'बरोबर 'दुनिया न माने' ही त्याची हिंदी जोडही हवी, म्हणजे तेच प्रसंग दोन भाषांत कसे बदलतात ते ताडून पाहता येईल. कोणत्या रिळाचा कोणता भाग कोणत्या प्रतीवरून घेतला, हे प्रामाणिकपणे छापलेले हवे. जिथे तुकडा सापडलाच नाही तिथे तसे लिहावे, झाकू नये. गौरीवर एक स्वतंत्र लेख हवा. केशवराव भोळ्यांनी दिलेल्या चालींवर कोणा जाणत्या गवयाने बोलावे. आणि 'संत तुकारामा'साठी शांताराम आठवल्यांनी लिहिलेले जे पद कित्येक जण आजही तुकोबांचाच अभंग समजून म्हणतात, त्याच्याखाली आठवल्यांचे नाव ठळक अक्षरांत छापावे.